'काय हशील?' मधलं हशील

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका वाचकानं विचारलंय: "आमची आजी उठता बसता म्हणते, 'त्येला सांगून काय हशील?' शेजारचे काका सांगतात की हशील म्हणजे इंग्रजांनी बसवलेला कर. सांगण्यावर कुठला कर मिळणार, अशा अर्थानं हे बोलणं रूढ झालं. खरं आहे का?"

काकांचं अर्धं खरं आहे. हशील हा कर होता. पण तो इंग्रजांच्या कितीतरी आधीचा, आणि आजीचं बोलणं काही त्या करातून निघालेलं नाही.

मूळ शब्द अरबी 'हासिल'. म्हणजे हाती आलेलं, पदरात पडलेलं. आपला मुलूख आदिलशाहीत होता, तेव्हा दप्तरी कारभारातले असे शब्द फारसीच्या वाटेनं इथं पोचले. शेतातून जे निघालं ते हासिल आणि त्यातून सरकारनं जे उचललं तेही हासिलच. मराठी जिभेवर त्याचं हाशील, हशील, हंशील झालं. आजीचं 'काय हशील' हे पहिल्या अर्थाचं: सांगून पदरात काय पडणार? हिंदीत 'क्या हासिल' म्हणतात ते हेच. बेरजेत आपण ज्याला 'हातचा' म्हणतो त्यालाही हिंदीत 'हासिल' म्हणतात. आपला शब्द आणि त्यांचा शब्द, दोन्हींत हाताशी राहिल्याचाच भाव. तेव्हा बोलणं आणि कर ही भावंडं. काकांनी त्यांना बापलेक केलं.

भावंडं आणखीही आहेत. महसूल आणि तहसील ही त्याच अरबी धातूची. 'वसूल' मात्र या घरातला नाही, कानाला कितीही जवळचा वाटला तरी. त्याचा धातू वेगळा, अर्थ 'पोचणे'. आपल्याकडची जुनी माणसं अजून 'मामलेदार कचेरी' म्हणतात, कारण १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई इलाख्यात, पुढे मुंबई राज्यात होतं आणि तिथं तालुक्याचा अधिकारी मामलेदार. आता पाटीवर तहसीलदार आहे. म्हणजे हशीलचा भाऊ कचेरीच्या दारावर बसलाय आणि तो आपल्याला ओळखू येत नाही.

मग कराचा अर्थ गेला कुठं? माझ्या मते त्याला कायद्यानं मारलं.

मालावरच्या जकातीलाही हशील म्हणत. कोकणातून घाट चढून येणारं मीठ असो की देशावरून खाली उतरणारं धान्य, वाटेत नाके लागायचे आणि प्रत्येक नाक्यावर काही ना काही द्यावं लागायचं. १८१८ नंतर पेशव्यांचा मुलूख कंपनीकडं आला तेव्हा हे नाकेही तिच्या हातात आले. कंपनीनं १८३० च्या दशकात वाटेवरची जकात काढून टाकली. ऐकायला फार उदार वाटतं. पण नाके उठले की विलायती कापडालाही आतल्या बाजारापर्यंत मोकळी वाट मिळते, हे साहेबाला चांगलं कळत होतं. आणि तिजोरीतला खड्डा भरायला त्यांनी मीठ धरलं: मणाला आठ आणे. पुढं १८४४ च्या कायद्यानं मुंबई इलाख्यातली शहर-जकात आणि धंद्यांवरचे जुने कर, म्हणजे मोहतर्फा वगैरे, रद्द झाले. त्याच वर्षी मिठाचा आठ आण्यांचा कर एक रुपया केला. विणकराच्या मागावरचा कर गेला खरा, पण त्याच विणकराच्या भाकरीतलं मीठ महागलं. ज्याच्याकडं माग नाही, दुकान नाही, त्या मजुरानंही तेच मीठ खायचं.

सुरतेत लोक भडकले. ऑगस्ट १८४४ मध्ये दुकानं बंद झाली, दंगा झाला, आणि सरकारला कर बारा आण्यांवर आणावा लागला. चार आणे तरी हशील झाले म्हणायचे!

याच वर्षी आपल्या जवळच, कोल्हापूर संस्थानातल्या सामानगडाच्या गडकऱ्यांनी, म्हणजे गड राखणाऱ्या पिढीजात शिबंदीनं, बंड केलं. त्यांच्यावर बेळगावहून फौज गेली आणि ऑक्टोबरात गड पडला. साल एकच म्हणून ही दोन्ही एका माळेत ओवायचा मोह होतो, मला स्वतःलाही झाला होता. पण गडकऱ्यांची तक्रार मिठाची नव्हती. कोल्हापूर संस्थानात नवा कारभार आला, गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदारांच्या ताब्यात गेल्या, ते त्यांना सोसलं नाही. शिवाय कंपनीचा कायदा कंपनीच्या मुलखापुरता. कोल्हापूर सोडाच, बेळगावला खेटून असलेलं शहापूर सांगली संस्थानचं, तिथंही तो आपोआप लागू होत नव्हता.

खानापूरकरांसाठी मिठाची गोष्ट इथं संपत नाही. घाटाखाली गोवा, आणि तिथं पोर्तुगीजांचं राज्य. इंग्रजांचा मीठकर तिथल्या मिठागरांना लागत नव्हता. म्हणून १८७८ च्या तहानं इंग्रजांनी गोव्यातल्या मिठाचा ताबाच घेतला आणि बदल्यात पोर्तुगीजांना वर्षाला चार लाख रुपये देऊ केले. तो तह १८९२ ला संपला. पुढं १९३० मध्ये आंबोलीच्या खाली शिरोड्याला आणि कारवार जिल्ह्यात अंकोल्याला मिठाचा सत्याग्रह झाला, तो याच कराविरुद्ध. तोवर लोकांच्या तोंडी 'मिठाचा कर' होता. हशील कुणी म्हणत नव्हतं.

कराच्या अर्थाला शेवटचा आसरा टपाल खात्यात मिळाला. जुन्या मराठी पुस्तकांवर आणि मासिकांच्या वर्गणीच्या सूचनांत 'टपाल हंशील' किंवा 'डाकहशील' वेगळं पडेल असं छापलेलं असायचं. मग 'टपालखर्च' आला आणि तेही गेलं.

आता उरलंय ते फक्त आजीचं. तिच्या बोलण्याकडं नीट कान द्या. 'काय हशील?' किंवा 'काही हशील नाही' एवढंच येतं. 'यात मोठं हशील आहे' असं मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. तुमच्या घरातल्या जुन्या पेटीत एखादं पिवळं पडलेलं मासिक असेल तर पहिलं पान उलटून वर्गणीची ओळ बघा, आणि ती काकांना दाखवा.