आधी ओळ म्हण, मग नाव सांग

चि. पोरीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र कालच्या टपालाने आलं, आणि वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही. सराव परीक्षेत 'अनुदिनि अनुतापे तापलो रामराया' या रामदासांच्या ओळीचं वृत्त, म्हणजे तिची लघु-गुरू अक्षरांची ठरलेली चाल, विचारलं होतं. 'रामदास म्हणजे भुजंगप्रयात' असं वहीत लिहिलेलं म्हणून तू भुजंगप्रयातावर खूण केलीस. उत्तर होतं मालिनी. आता तू विचारतेस, बाई, एवढी नावं लक्षात ठेवायची तरी कशी?

मार्क गेला याचं मला काही नाही. पण तू परळीची. सज्जनगडाच्या पायथ्याशी वाढलेली. ही ओळ तू शाळेत जायच्या आधीपासून दिवेलागणीला आजीबरोबर म्हणायचीस, हे तूच मला सांगितलंस. तोंडात मालिनी बसलेली असताना कागदावर भुजंगप्रयात कसा आला? तू ती ओळ म्हटलीच नाहीस, म्हणून. डोळ्यांनी पाहिलीस आणि वहीतलं नाव आठवत बसलीस.

आता पत्र बाजूला ठेव आणि दोन्ही ओळी मोठ्याने म्हण. खोलीतल्या मुली हसल्या तर हसू देत.

'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे.' हा मनाच्या श्लोकांतला भुजंगप्रयात. ऱ्हस्व अक्षर लघु, दीर्घ किंवा जोर पडणारं अक्षर गुरू. एक लघु, दोन गुरू. पुन्हा एक लघु, दोन गुरू. तीन अक्षरांचा एक गण, आणि लघु-गुरू-गुरू आलं की तो य. असे चार य गण, अक्षरं 12. पहिल्यापासून शेवटपर्यंत चाल एकच, कुठे घाई नाही की थांबणं नाही. मनाला समजावून सांगायचं तर असाच सूर लागतो. दोनशे पाच श्लोक या चालीवर गेले तरी ऐकणारा कंटाळत नाही.

आता 'अनुदिनि अनुतापे'. पहिली सहा अक्षरं बघ कशी पळतात : अ, नु, दि, नि, अ, नु. सगळी लघु, दम घ्यायला जागा नाही. आणि मग एकदम 'तापे ता', तीन गुरू, जड. आठव्या अक्षरावर यती, म्हणजे 'तापे'पाशी श्वास अडतो आणि पुढच्याच अक्षराला पुन्हा 'ताप'च येतो. रोजची तगमग आधी पळते आणि नेमकी 'ताप' या शब्दावर येऊन कोसळते. न न म य य, अक्षरं 15. शेवटचे दोन गण 'य'च आहेत, म्हणजे शेपटीला तुझा भुजंगप्रयात आहेच. तुझा कान अगदीच चुकला असं मी म्हणणार नाही. पण सुरुवातीची सहा अक्षरं तोंडातून गेली असती, तर त्या पर्यायाकडे तू ढुंकूनही पाहिलं नसतंस.

पुढच्या ओळीत 'परम दिनदयाळा' आहे. त्यातला 'दिन' तू लाल पेनने 'दीन' करून ठेवलास आणि छपाईची चूक म्हणून मला कळवलंस. ती चूक नाही गं. तिथे चौथं अक्षर आहे, मालिनीला ते लघुच लागतं, म्हणून दीर्घ 'दी' ऱ्हस्व झाला. चौथ्या ओळीत 'शीण'चा 'शिण' होतो तो त्याच कारणाने. तिसरीत उलटं घडतं, 'आवरिता'चं 'आवरीता' होतं. तुझी दुरुस्ती केलेली ओळ म्हणून बघ, ठेच लागेल. ठेच लागली की कळतं. पाहून कधीच कळणार नाही.

तू म्हणशील, पण बाई, नियम आहेत ना. आहेत, आणि ते पाठ हवेतच. 'यमाताराजभानसलगं' आलं नाही तर गण पाडता येणार नाहीत, त्यावर माझा वाद नाही. पण नियम सांगतो की जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू. 'सज्जन'मधला 'स' गुरू, ठीक. मग 'तुझ्या'मधला 'तु' गुरू का धरत नाहीत? 'पुन्हा'मधला 'पु'? कारण 'सज्जन' म्हणताना 'स'वर जोर आपटतो आणि 'तुझ्या' म्हणताना 'तु'वर आपटत नाही. हा आघात कागदावर दिसत नाही. नियमाचा अपवाद ठरवायलासुद्धा ओळ म्हणावीच लागते. म्हणून पुन्हा सांगते : आधी ओळ म्हण, मग नाव सांग.

अलंकारांचा तुझा तो तक्ता मला मुळीच पसंत नाही. 'सारखा, सम, परी दिसलं की उपमा. जणू, गमे, भासे दिसलं की उत्प्रेक्षा.' अगं, 'आज सकाळपासून सारखा पाऊस पडतोय' यात 'सारखा' आहे. कुठली उपमा?

आपला अजिंक्यतारा घे. राजवाड्यावरून बघितलास तर जुलैच्या पावसात तो हत्तीसारखा दिसतो. हे म्हटलंस की उपमा : किल्ला किल्ला आहे, हत्ती हत्ती आहे, दोघांत साम्य आहे. 'अजिंक्यतारा म्हणजे जणू हत्तीच न्हायला बसलाय' म्हटलंस की कल्पनेने पुढे धाव घेतली, उत्प्रेक्षा झाली. 'अजिंक्यताऱ्याचा हत्ती न्हायला बसलाय' म्हणताना दोघांतलं अंतरच संपलं, हे रूपक. 'हा किल्ला नव्हेच, हत्ती आहे' म्हणत किल्ल्यालाच नाकारलंस तर अपन्हुती. 'किल्ला म्हणावा की हत्ती?' ससंदेह. आणि एखादं पोर खरंच हत्ती समजून त्याला भरवायला उसाचं कांडं घेऊन निघालं, तर भ्रांतिमान. किल्ला तोच, पाऊस तोच. बोलणारा स्वतःच्या कल्पनेवर किती विश्वास टाकतो तेवढंच बदलतं, आणि ते आवाजात कळतं. ही सहाही वाक्यं म्हणून बघ. 'जणू'वर आवाज किंचित वर जाईल, 'नव्हेच'वर मान हलेल.

भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच आहेत : उपमा, रूपक, दीपक, यमक. पुढे कुवलयानंद या अलंकारग्रंथापर्यंत येता येता ते शंभराच्या वर गेले. ओळींवर वाद घालणाऱ्या, पाठ म्हणणाऱ्या माणसांनी ती नावं ठेवली. आधी त्यांना ओळीत काहीतरी वेगळं जाणवलं, मग नाव लागलं. तुझी पिढी नावापासून सुरू करते आणि ओळीपर्यंत पोचायच्या आत पेपर संपतो.

यावरून मी नोकरीत खूप ऐकून घेतलंय. वर्गात मुलं चालीवर ओळी म्हणायची म्हणून शेजारच्या वर्गाची तक्रार. पोर्शन मागे पडतो म्हणून वरून ताकीद. एका पालकाने तर तोंडावर विचारलं, बाई, याला मार्क किती? मी बदलले नाही. आजही बदलणार नाही. परवा बसस्टँडवर माझा एक जुना विद्यार्थी भेटला. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे त्याचं. शार्दूलविक्रीडिताचे गण त्याला आठवत नव्हते, पण मंगलाष्टकांची चाल धरून त्याने पूर्ण ओळ म्हटली आणि बोटांवर 19 अक्षरं मोजून दाखवली. बाराव्या अक्षरावर बरोबर थांबला. तो चालीवरून गण पुन्हा उभे करू शकतो. गण पाठ केलेल्याला चाल कुठून मिळणार?

मला एकच सल आहे. मला शिकवलेल्या बाईंना प्रत्येक वृत्ताची चाल येत होती. मंदाक्रांता, वसंततिलका, मालिनी मी त्यांच्याकडून उचलली. पृथ्वीची चाल मात्र नीट बसली नाही, पुढच्या वेळी विचारू म्हणून राहून गेली. ज स ज स य ल ग मला झोपेतून उठवलंस तरी सांगता येईल, पण ओळ म्हणायला गेले की मध्येच अडखळते. आता विचारायला त्या नाहीत. म्हणून तुझ्यावर चिडते आहे. तुझ्या घरात आजी आहे, तिला करुणाष्टकं, भूपाळ्या, जात्यावरच्या ओव्या येतात, आणि तू बाजारातली मार्गदर्शिका पाठ करत बसलीस.

तर या सुट्टीत गावी जाशील तेव्हा वही घेऊन आजीपुढे बसू नकोस, तिच्याबरोबर म्हण. ओवीचा चौथा चरण ती कसा आखडता घेते ते ऐक. परीक्षेची काळजी करू नकोस, ओळ मनात म्हणायला तुला काही क्षण लागतील, चारही पर्याय वाचायला त्याहून जास्त लागतात.

आणि त्याच पेपरातला अलंकाराचा जो प्रश्न चुकला म्हणालीस, त्यातली ओळ मला पाठव. तिच्याखाली तुला म्हणताना काय जाणवलं ते आधी लिही. अलंकाराचं नाव सगळ्यात शेवटी. चुकलं तरी चालेल.

तुझ्या,
बाई
सातारा