कोलेस्टेरॉल नॉर्मल असूनही वडिलांना अटॅक आला, रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी 13,500. या पेशींमुळेच अटॅक येतो का?

त्या दिवशीच्या 13,500 मुळे अटॅक आलेला नाही, अटॅकमुळे काउंट चढला असणार. हृदयाचा स्नायू मरायला लागला की काही तासांतच न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तिकडे धावतात, मागून मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी येऊन मेलेलं उचलतात. मी 21 वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, असे सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचे रिपोर्ट, नेहमी हातून जातात.

पण 'कोलेस्टेरॉल नॉर्मल' वाचलं आणि मला राहवलं नाही.

2011 मध्ये माझ्या बाबांना अटॅक आला. वय 58, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल 96, शुगर नाही, तंबाखूला कधी हात लावला नाही. आयसीयूबाहेरच्या बाकावर माझा थोरला भाऊ आईला म्हणाला, "तुझ्या तुपानं केलं हे." आई काही बोलली नाही. घरी येऊन तिनं तुपाची बरणी शेजारी देऊन टाकली. पुढची सहा वर्षं, बाबा जाईपर्यंत, आमच्याकडे लोणी कढलं नाही. दिवाळीचे बेसनाचे लाडूसुद्धा वनस्पती तुपात. त्यातलं ट्रान्सफॅट हृदयाला साजूक तुपाहून वाईट, हे बोलणाऱ्याला माहीत नव्हतं.

बाबांना नऊ वर्षं संधिवात होता, आरए, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो. सकाळी बोटं वळायची नाहीत, शर्टाची बटणं आई लावायची. त्यांचा सीआरपी, म्हणजे शरीरात दाह (सूज) किती आहे ते सांगणारी रक्ततपासणी, मीच लावायचे: 22, 31, 18. नॉर्मल 6 च्या आत. तो आकडा सांध्यांचा आहे असंच आम्ही धरून चाललो, मीसुद्धा. पण सांध्यांतून फिरतं तेच रक्त हृदयाच्या वाहिन्यांतूनही जातं.

वाहिनीच्या अस्तरात एलडीएल शिरून बिघडलं की मोनोसाइट आत घुसतात, मॅक्रोफेज म्हणजे गिळणाऱ्या पेशी होतात आणि ती चरबी खाऊन फुगतात. असा प्लाक तयार होतो. त्यावर कोलॅजनची टोपी असते. आत दाह धुमसत राहिला तर याच पेशींची एन्झाइम्स ती टोपी कुरतडतात. टोपी फाटली की तिथे रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद. अर्धीसुद्धा न भरलेली वाहिनी अशी बंद पडू शकते. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असंही आहे, फक्त त्या पेशींचं काम अटॅकच्या कितीतरी आधीपासून चाललेलं असतं. आरए असेल तर हृदयविकाराचा धोका दीडपट धरा, असं युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांची संघटना सांगते.

2017 मध्ये कॅन्टोस ट्रायलचे निकाल आले. अटॅक येऊन गेलेले आणि सीआरपी चढलेले दहा हजारांवर रुग्ण. कॅनाकिनुमॅब या इंजेक्शननं एलडीएल हललं नाही, फक्त दाह उतरला, तरी 150 मिलिग्रॅमच्या गटात अटॅक, स्ट्रोक आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून 15 टक्के कमी झाले. मी ते छापून भावाच्या हातात दिलं. तो म्हणाला, "म्हणजे तूप हवं तेवढं खायचं?"

नाही. एलडीएलशिवाय प्लाक बनत नाही, आणि अटॅक येऊन गेलेल्याला 96 सुद्धा जास्तच. त्याला 70 च्या, जमल्यास 55 च्या खाली आणतात. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, बंद करू नका, त्यानं सीआरपीही उतरतो. त्या इंजेक्शननं जीवघेणी इन्फेक्शन्स वाढली, आणि ते हृदयासाठी वापरात आलं नाही. दाह उतरवणारी कोल्चिसिनची छोटी गोळी काही ट्रायलमध्ये उपयोगी ठरली, 2024 च्या मोठ्या ट्रायलमध्ये नाही. ती द्यायची की नाही हे किडनी बघून डॉक्टर ठरवतील. बाबांच्या बाबतीत आरएच कारण होतं हे मी सिद्धही करू शकत नाही.

दोन-तीन महिन्यांनी, सर्दी-ताप नसताना, वडिलांचा हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपी करून घ्या. 2 च्या वर आला तर दाह कुठून येतोय ते शोधायला हिरड्या, सांधे, सोरायसिस, सगळं बघायला सांगा. आणि घरात कोणी स्वयंपाक करणाऱ्या बाईकडे बोट दाखवत असेल तर त्याला विचारा, वडिलांचा सीआरपी किती होता? माझ्या भावाला मी हे 2017 पासून विचारतेय.