कोथरूडच्या जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर खोल बाथटब बसवायचाय. कोणता घ्यावा?

ॲक्रिलिकचाच घ्या, दीड मीटर लांबीचा. टबची बाहेरची उंची बघू नका, तळापासून ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जादा पाणी निघून जाण्याच्या, भोकापर्यंतची खोली मोजा. ती 40 सेंमी तरी हवी, नाहीतर खांदे कोरडेच राहतात. ओतीव लोखंडाचा नकोच. 250 लिटर पाणी, माणूस आणि हलका टब मिळूनच साडेतीनशे किलो होतात, तेही जेमतेम सव्वा चौरस मीटरवर. आयएस 875 या इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानकात घरगुती बाथरूमसाठी धरलेला भार चौरस मीटरला साधारण 200 किलो. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरला स्लॅब दाखवल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. 25 लिटरचा गीझर पुरणार नाही, त्यातून टबाजोगं पाणी साठेक लिटरच निघतं. उन्हाळ्यात सोसायटी टँकरवर असेल तर शेजाऱ्यांचं तुम्ही बघा.