मापातच पाप: एडीसीच्या वाचनांवरचे काही प्रश्न

प्रश्न: अंडी उबवण्याच्या यंत्रात अर्डुइनो उनो (छोटा कंट्रोलर बोर्ड) आणि एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर लावलाय. तापमान ३७.५ अंशांवर ठेवायचंय. बल्ब लागला की आकडा ३७ वरून एकदम ३९ च्या पुढे जातो, बल्ब बंद होतो, लगेच परत लागतो. बल्ब चालू-बंद करणारा रिले नुसता टकटक करतो. शंभर वाचनांची सरासरी काढूनही फरक नाही. सेन्सर बदलू का?

उत्तर: सेन्सर राहू द्या. बल्ब लागल्याबरोबर हवा दोन अंशांनी तापत नसते. तापमान आहे तिथेच आहे, मोजायचं मापच आखूड झालंय.

उनोचा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग, तुम्ही वेगळं सांगितलं नाही तर, बोर्डाच्या ५ व्होल्टलाच माप धरतो आणि त्याचे १०२४ भाग करतो. ३७.५ अंशांना एलएम३५ देतो ३७५ मिलीव्होल्ट. पुरवठा खरोखर ५ व्होल्ट असेल तर काउंट (अशा भागांची संख्या) येतो ७६, म्हणजे ३७.१ अंश. बल्ब लावायला रिले ओढला की त्याच अडॅप्टरवर भार पडतो. समजा व्होल्टेज ४.७ वर आलं. सेन्सरचे ३७५ मिलीव्होल्ट तेच, काउंट मात्र ८१. प्रोग्राम अजून ५ नेच गुणतोय, म्हणून स्क्रीनवर ३९.६. प्रोग्राम बल्ब बंद करतो, व्होल्टेज सावरतं, आकडा पुन्हा ३७.१. सगळीच वाचनं एका बाजूला झुकलेली असताना सरासरी काय करणार?

मल्टिमीटर ५ व्होल्टच्या पिनवर धरून रिले ओढू द्या, काटा डोळ्यांनी दिसेल. (डिजिटलला काटा नसतो, आमच्या पिढीची सवय.) मग प्रोग्रामच्या सेटअपमध्ये चिपमधला अंतर्गत १.१ व्होल्टचा रेफरन्स, म्हणजे मोजायचं माप, निवडा. एक काउंट अर्ध्या अंशाऐवजी साधारण ०.१ अंशाचा होईल. रेफरन्स बदलल्यावरची पहिली काही वाचनं टाकून द्या. रिलेची आणि सेन्सरची ग्राउंड वायरही वेगळी आणा: ७० मिलिअँपिअर करंट आणि ०.१ ओहमची सामाईक वायर एवढ्यावर ७ मिलीव्होल्ट, म्हणजे ०.७ अंश जातात.

प्रश्न: तोच १.१ व्होल्टचा रेफरन्स मी बॅटरी मीटरला वापरला. प्रोग्राम एक, बॅटरी एक, पण एक बोर्ड १२.१ दाखवतो, दुसरा १३.३. बॅटरीवर मल्टिमीटर १२.६ दाखवतो.

उत्तर: बोर्ड दोन्ही चांगले आहेत. १.१ हा नावापुरता आकडा. उनोवरच्या चिपची डेटाशीट १.० ते १.२ पर्यंत सूट देते. तो एका चिपवर बऱ्यापैकी स्थिर असतो, पण प्रत्येक चिपवर वेगळा. हाच गेन एरर: चूक टक्क्यांत असते. १२ ऐवजी ६ व्होल्ट देऊन पाहा. चूकही निम्मी झाली तर गेन, तेवढीच राहिली तर ऑफसेट.

अंतर्गत रेफरन्स चालू असताना बोर्डाच्या एआरईएफ (रेफरन्सच्या) पिनवर तो मोजता येतो. पण बॅटरीचं व्होल्टेज एडीसीच्या मापात उतरवणाऱ्या डिव्हायडरचे रेझिस्टर ५ टक्क्यांचे असतील तर तीही चूक गेनमध्येच मिसळते. त्यापेक्षा १२.६ च्या आसपासचं मोजलेलं व्होल्टेज द्या, गुणक काढा आणि तो त्या-त्या बोर्डाच्या ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) ठेवा. मल्टिमीटर ०.५ टक्क्याचा असेल तर ६३ मिलीव्होल्टची शंका उरतेच. लेड-ॲसिड बॅटरी १२.६ वरून १२.२ ला येईपर्यंत जवळपास अर्धी होते, तेव्हा मीटर जरा बरा घ्या.

प्रश्न: अचूकतेसाठी ४.०९६ व्होल्टची रेफरन्स आयसी लावली. आता पोटेन्शिओमीटरचं (नॉबने बदलणाऱ्या रेझिस्टरचं) वाचन पूर्वीपेक्षा जास्त हलतं, आणि शेवटी नॉब फिरवला तरी १०२३ च, म्हणजे सर्वांत मोठा काउंट.

उत्तर: पैसे खर्चून बिघाड आणलात! पोटेन्शिओमीटर ५ व्होल्टवर आणि एडीसीचं मापही तेच ५ व्होल्ट, तेव्हा पुरवठा हलला तरी गुणोत्तर तेच राहायचं. आता गुणोत्तरातलं वरचं (पोटेन्शिओमीटरचं व्होल्टेज) हलतं, खालचं (माप) नाही, आणि ४.०९६ च्या वरचा १८ टक्के भाग वाया. आयसी काढा आणि प्रोग्राममध्येही बाहेरच्या ऐवजी पुरवठ्याचा रेफरन्स निवडा. आयसी ठेवायचीच असेल तर प्रोग्राममध्ये चुकूनही अंतर्गत रेफरन्स निवडू नका; आत दोन्ही शॉर्ट होतात.

प्रश्न: ईएसपी३२ या दुसऱ्या बोर्डावर ३.२ व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट, दोन्हींना ४०९५ (त्याचा सर्वांत मोठा काउंट) येतं. गुणक किती धरू?

उत्तर: कितीही धरून जमणार नाही, ४०९५ ला गुणून ३.२ आणि ३.३ वेगळे कसे होतील? वरच्या टोकाला तो एडीसी दबतो. डिव्हायडर बदलून इनपुट अडीच व्होल्टच्या आत आणा आणि मिलीव्होल्ट देणारं तयार फंक्शन वापरा. ते चिपमध्ये साठवलेलं कॅलिब्रेशन लावतं.