आधी कोण वाजवतंय ते ओळख

अरे, बीबॉप (१९४० च्या दशकातला वेगवान, गुंतागुंतीचा जॅझ) ऐकायला सुरुवात करतोयस तर थेट दोन ट्रम्पेटच्या रेकॉर्डिंगकडे वळतोयस, धाडस आहे! मग हॉवर्ड मॅगी आणि फॅट्स नवारो या दोन ट्रम्पेटवादकांचं, ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीसाठी केलेलं ऑक्टोबर १९४८ मधलं काम घे. 'फॅब्युलस फॅट्स नवारो'च्या दोन भागांच्या संचात ते मिळतं. 'डबल टॉक'पासून सुरू कर.

पहिल्यांदा ऐकताना दोघं एकच वाटतील. मलाही महिनाभर वाटायचे. खूण सांगतो: नवारोचा स्वर भरदार, गोल, कितीही वेगात असला तरी प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो. मॅगी जरा टोकदार, उतावळा, वाक्य मध्येच तोडून पुढे उडी मारणारा. दोघं अँडी कर्कच्या बँडमध्ये शेजारी बसून वाजवायचे, त्यामुळे एकमेकांच्या सवयी त्यांना पाठ होत्या. एकाने टाकलेला तुकडा दुसरा कसा उचलतो, तिकडे कान दे. आपल्या सवाल-जवाबासारखंच समज, फक्त इथे सम शोधत बसू नकोस. कर्ली रसेलचा बास धरून ठेव, तो रस्ता सोडत नाही. ड्रमवादक केनी क्लार्कच्या झांजेकडे नंतर बघ.

हेडफोन लावून, एका बैठकीत एकच तुकडा तीनदा ऐक. पार्श्वसंगीत म्हणून लावलंस तर नुसता गोंगाट वाटेल.

नवारो १९५० मध्ये, अवघ्या २६ व्या वर्षी गेला. मॅगीच्या जोडीला तो ऐकायचा असला की मला अजून हेच रेकॉर्डिंग सगळ्यात आधी काढावंसं वाटतं. डिझी गिलेस्पी आणि रॉय एल्ड्रिज या ट्रम्पेटवादकांचं १९५४ चं रेकॉर्डिंग पुढच्या महिन्यात ऐकू.