वेडा राघू, मीरकॅट आणि बारावीनंतरचा प्रश्न

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. लेक बारावी सायन्सला आहे, नीटचा क्लास चालू आहे, मार्कही चांगले पडतायत. पण दिवाळीनंतर तिनं जाहीर केलं की तिला डॉक्टर व्हायचं नाही, जीवशास्त्राचं तत्त्वज्ञान शिकायचंय. चिंपांझी आणि माणूस यांच्या डीएनएत जेमतेम सव्वा टक्क्याचा फरक असेल तर माणूस वेगळा कशामुळे, हा प्रश्न तिच्या डोक्यातून जात नाही. तिचे बाबा म्हणतात, आधी एमबीबीएस हो, मग काय हवं ते वाच. आणि तुम्ही विचारलंय की हे खूळ आहे का, आणि यावर पोट भरतं का.

खूळ मुळीच नाही. पोटाचं पुढे लिहितो, पण आधी तिच्या प्रश्नाबद्दल बोलू दे. तो समजला नाही तर कोर्सची चर्चा वायाच जाईल.

चिंपांझीचा जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएचा सगळा मजकूर, २००५ साली प्रसिद्ध झाला. जुळणारे भाग शेजारी ठेवून अक्षराला अक्षर लावलं तर फरक १.२३ टक्के भरतो. पण काही तुकडे एकाकडे आहेत आणि दुसऱ्याकडे नाहीतच. तेही धरले तर आकडा चार टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे काय मोजायचं हे ठरवल्याशिवाय टक्का निघत नाही, आणि काय मोजायचं हे डीएनए सांगत नाही. मेरी-क्लेअर किंग आणि ॲलन विल्सन या शास्त्रज्ञांनी तर १९७५ मध्येच मांडलं होतं की दोघांची प्रथिनं इतकी सारखी आहेत, की खरा फरक जीन (जनुकं) कधी आणि किती चालू होतात यात शोधायला हवा. तिचा प्रश्न इथे तत्त्वज्ञानाचा होतो. मात्र त्याचं उत्तर नुसतं घरात बसून, विचार करून मिळत नाही. ही गोष्ट तिला आत्ताच कळावी असं मला मनापासून वाटतं, म्हणून पुण्यातलंच एक काम सांगतो.

वेडा राघू तुम्ही विजेच्या तारेवर बसलेला पाहिला असेल. हिरवा, सडपातळ, शेपटीतून दोन बारीक पिसं बाहेर आलेली. तो मातीत बोगदा करून घरटं करतो. पुण्याचे जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये या पक्ष्यावरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. घरट्याजवळ माणूस उभा असला की चोचीत किडा धरलेला राघू आत शिरायचं टाळतो. यात नवल नाही. नवल पुढे आहे: माणूस तेवढ्याच अंतरावर, पण जिथून घरटं दिसत नाही अशा जागी उभा असेल, तर राघू बराच कमी बिचकतो. म्हणजे त्याचा हिशेब ‘शत्रू किती जवळ आहे’ एवढाच नाही, ‘शत्रूला काय दिसतंय’ हाही आहे.

आता राघूला दुसऱ्याच्या मनातलं कळतं असं म्हणायचं? की त्याच्याजवळ एखादा साधा नियम आहे आणि तेवढ्यावर भागतं? प्राण्यांच्या वर्तनाचे ब्रिटिश अभ्यासक लॉइड मॉर्गन यांनी १८९४ मध्ये बजावलं होतं की साध्या क्षमतेनं वागणं उलगडत असेल तर प्राण्याला मोठी क्षमता बहाल करू नका. हे धोरण शहाणपणाचं आहे, पण माणसाच्या बाबतीत आपण ते किती कडक पाळतो? आणि या दोन उत्तरांतलं बरोबर कुठलं हे ठरवायला पुढचा प्रयोग कसा रचायचा? हे विचारणारा माणूस जीवशास्त्राचा तत्त्वज्ञ. पण राघू घरट्यापाशी कसा घुटमळतो हे पाहिलेलं नसेल, तर प्रश्न नेमका विचारताच येत नाही.

तुम्ही दोघंही शिक्षक आहात, म्हणून आणखी एक. शिकवणं ही तरी माणसाचीच गोष्ट, असं पुष्कळांना वाटतं. आफ्रिकेतल्या कालाहारीत मीरकॅट नावाचा मुंगसाच्या कुळातला प्राणी आहे. त्यांच्यातले मोठे लहान पिल्लांना मेलेला विंचू देतात, जरा मोठ्यांना नांगी काढलेला जिवंत, आणि शेवटी धडधाकट. ॲलेक्स थॉर्नटन आणि कॅथरीन मॅकॉलिफ या संशोधकांनी २००६ मध्ये हे दाखवलं. पण त्यांनी लहान पिल्लांच्या गटाजवळ मोठ्या पिल्लांच्या आवाजाचं रेकॉर्डिंग लावलं, तेव्हा मोठे मीरकॅट जिवंत विंचू आणू लागले. म्हणजे पिल्लाला काय येतं हे ओळखून नव्हे, आवाज ऐकून. मग हे शिकवणं झालं की नाही? जेवताना तिला विचारा, आणि तिच्या बाबांनाही या वादात ओढा.

माझं स्वतःचं मत असं की फरक आहे आणि तो मोठा आहे. एका पिढीला उमगलेलं पुढची उचलते आणि त्यात भर घालते, हे माणसाइतकं कोणी करत नाही. पण तो फरक प्रकाराचा नाही, प्रमाणाचा आहे, असं डार्विननं १८७१ मध्ये म्हटलं होतं, आणि ते म्हणणं अजून कोणी सहज खोडू शकलेलं नाही.

आता मार्ग. आपल्याकडे बारावीनंतर थेट या नावाची पदवी घ्यायचा विचार करू नका. आधी पक्कं जीवशास्त्र. पुण्याच्या आयसरचा (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) पाच वर्षांचा बीएस-एमएस माझ्या मते पहिली पसंती असावी. तिथे जीवशास्त्राबरोबर गणित, सांख्यिकी येते आणि मानव्यविद्येचे कोर्सही घेता येतात. ते जमलं नाही तर चांगल्या कॉलेजातलं प्राणिशास्त्राचं बी.एस्सी. काही कमी नाही. त्यानंतर तत्त्वज्ञानाचं एम.ए.; विज्ञानाच्या पदवीधरांनाही ते सहसा करता येतं. पीएच.डी.साठी आयआयटी मुंबईत तत्त्वज्ञान आहे, आणि प्राण्यांच्या वर्तनाकडे वळायचं तर बंगळुरूच्या एनआयएएस या संशोधन संस्थेत माकडांवर उत्तम काम झालंय. परदेशात अमेरिकेतलं पिट्सबर्ग आणि इंग्लंडमधलं एक्सेटर ही विद्यापीठं म्हणजे या विषयातली भक्कम ठिकाणं.

पोटाचं स्पष्ट लिहितो. निव्वळ या विषयाच्या जागा देशात मोजक्याच आहेत. पीएच.डी. होईपर्यंत वय अठ्ठावीस-तिशीला टेकतं. नेट-जेआरएफ ही संशोधनासाठीची शिष्यवृत्ती मिळाली तर सध्या दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं. त्यात एकट्याचं भागतं, घरी पाठवण्याइतकं उरत नाही. मात्र जीवशास्त्राचा पाया पक्का असला की वाटा बंद होत नाहीत: संशोधन, अध्यापन, वन्यजीव संवर्धन, विज्ञानलेखन, प्राण्यांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या नैतिकता समित्यांचं काम. नुसतं तत्त्वज्ञान घेतलं तर यातल्या बऱ्याच वाटा मिटतात, म्हणून क्रम उलटा करू नका.

‘आधी एमबीबीएस’ हे मला पटत नाही. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, मग पीजीची रांग. तिला रुग्ण तपासायची ओढ नसेल तर हा काळ तिच्यावर आणि रुग्णांवरही अन्याय करणारा ठरेल. बाबांना हाताशी व्यवसाय हवाच असेल, तर नीटच्याच गुणांवर पशुवैद्यकीय पदवीला प्रवेश मिळतो. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा विचार करा. तिथे तिला प्राणी रोज भेटतील आणि प्रॅक्टिसही हाताशी राहील. हा मधला मार्ग मी नाइलाजानं सुचवत नाही, तिच्या प्रश्नाच्या तो जवळच आहे.

नीटची तयारी थांबवू नका. आयसरच्या आयएटी या प्रवेश परीक्षेत जीवशास्त्र, भौतिक, रसायन आणि गणित यांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात, त्यामुळे तीन विषयांचा अभ्यास दोन्हीकडे कामी येतो. अडचण गणिताची. तिनं अकरावीला गणित सोडलंय का, हे तुमच्या पत्रात नाही. गणित नसलं तरी परीक्षेला बसता येतं, पण मग गणिताचे निवडक धडे आत्तापासून रोज तासभर करावे लागतील. कोणते, ते तुमचं उत्तर आलं की लगेच लिहून पाठवतो.