पोर्टलवर नाव चुकलंय, म्हणून आयटीआय सोडायचं?

ताई, नमस्कार.

तुमचा मुलगा सरकारी आयटीआयत इलेक्ट्रिशियनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. स्किल इंडिया डिजिटल हब या सरकारी पोर्टलवर त्याचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळत नाही, संस्थेत 'नंतर बघू' म्हणतात. वैतागून तो आता सहा महिन्यांच्या खासगी कोर्सला जातो म्हणतोय. त्याला जाऊ देऊ नका. दोन वर्षांनी मिळणारं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, म्हणजे एनटीसी, देशभर चालतं. खासगी क्लासच्या कागदाची तशी खात्री नसते.

पण 'नंतर बघू'वरही थांबू नका. एनटीसी आता ऑनलाइनच निघतं आणि पोर्टलवर जे नाव असेल तेच त्यावर छापून येतं. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर बहुधा शेवटी. त्यात इंग्रजी स्पेलिंगमधलं एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं की भरतीत कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर उमेदवार अडकतो. तिथे त्याचं कुणी ऐकून घेत नाही, आणि याचा मला फार त्रास होतो, कारण चूक बहुतेक वेळा माहिती भरणाऱ्याची असते.

मुलाला म्हणावं, स्किल इंडिया डिजिटल हबवर स्वतःच्या लॉगिनने जाऊन नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, ट्रेड हे सगळं गुणपत्रिका शेजारी ठेवून अक्षर-अक्षर ताडून बघ. चूक असलेल्या पानाची प्रिंट काढायची, गुणपत्रिका आणि आधारची प्रत जोडायची आणि प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज द्यायचा. आवक क्रमांक पडलेली पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. तोंडी सांगितलेलं कुणाच्याच लक्षात राहत नाही. तरीही हललं नाही, तर पोच जोडून जिल्हा व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण अधिकाऱ्यांकडे जा. हे सगळं अंतिम परीक्षेआधी उरकायला हवं. निकाल लागून प्रमाणपत्र निघालं की तीच दुरुस्ती कितीतरी किचकट होते.

आधारवरचं नावच चुकलं असेल, तर आधी ते दुरुस्त करा. पुढे शिकाऊ उमेदवारीच्या (अ‍ॅप्रेंटिसशिपच्या) पोर्टलवरही आधारच लागतं. महावितरण इलेक्ट्रिशियन आणि वायरमन शिकाऊ उमेदवार घेते, तिथे त्याला खरंच संधी आहे. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी योजनेत विद्यावेतनातला सरकारचा वाटा, 25 टक्के आणि महिन्याला जास्तीत जास्त 1,500 रुपये, थेट बँक खात्यात येतो. त्यामुळे त्याचं खातं आधारशी जोडलेलं आहे का, हेही बँकेत याच आठवड्यात विचारून घ्या.